शहरातील महामार्गाची पुनर्बांधणी : आवाज, धूळ आणि हादरे यांपासूनचे संरक्षण निविदेतच कसे मागावे?

प्रश्न – रस्त्यालगतची रहिवासी

नमस्कार. आमच्या इमारतींच्या रांगेसमोरून शहराच्या मधोमध जाणारा जुना उन्नत महामार्ग आहे. तो पाडून त्याच मार्गावर नवा, अधिक रुंद पूल बांधण्याचे ठरले आहे. आराखडा मंजूर झाला असून निविदा अद्याप निघालेली नाही. काम काही वर्षे चालेल आणि पाडकाम व गर्डर (पुलाच्या मोठ्या तुळया) चढवणे प्रामुख्याने रात्री होईल, एवढेच आम्हांला जाहीर बैठकीत सांगण्यात आले. आवाजाचे काय, असे विचारल्यावर "सर्व आवश्यक उपाययोजना करण्यात येतील" असे उत्तर मिळाले आणि इतिवृत्तातही नेमके तेच वाक्य उतरले आहे.

आमचा कामाला विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. जुन्या पुलाच्या खांबांवरचे काँक्रीट सुटून सळ्या उघड्या पडल्या आहेत आणि त्याखालून आमचीच मुले शाळेत जातात. परंतु या रांगेत अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, दम्याचे रुग्ण आहेत, रात्रपाळी करून दिवसा झोपणारी माणसे आहेत आणि हाकेच्या अंतरावर शाळा व रुग्णालय आहे. काम सुरू झाल्यावर रोज तक्रारी करत बसण्यापेक्षा आताच काही ठोस मागावे, असे आमच्या रहिवासी समितीत ठरले. मात्र ठोस म्हणजे काय, याबाबत आमच्यात एकमत नाही. काही जण रात्रीच्या कामावर संपूर्ण बंदी मागावी असे म्हणतात, काहींना ध्वनिरोधक भिंत पुरेशी वाटते. ज्यांनी अशी कामे जवळून पाहिली आहेत किंवा या क्षेत्रात काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर – ध्वनिमापन करणारा अभियंता

निविदा निघालेली नाही, ही आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. "आवश्यक उपाययोजना" हे शब्द निविदेत तसेच राहिले, तर कोणताही कंत्राटदार त्यासाठी दर धरणार नाही, आणि ज्याचा दर धरलेला नाही ते काम जागेवर होत नाही. म्हणून प्रत्येक मागणी आकड्यात, मोजण्याच्या जागेसह आणि मोजण्याच्या पद्धतीसह लिहून द्या.

सुरुवात आजच्या आवाजापासून करा. काम सुरू होण्यापूर्वी आपल्या खिडक्यांपाशी दिवसाची आणि रात्रीची पातळी स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावी लागते. एका दुपारी तासभर यंत्र लावून ही नोंद होत नाही. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस धरून सलग आठवडाभर तरी मोजमाप व्हायला हवे. ही मूळ नोंद नसेल, तर पुढे प्रत्येक वेळी "इथे आवाज आधीपासूनच होता" हेच ऐकावे लागते.

दुसरी गोष्ट सरासरीची. बहुतेक अहवालांत समतुल्य सरासरी पातळी दिलेली असते, म्हणजे ठरावीक कालावधीतील एकूण ध्वनिऊर्जा समान वाटून काढलेला आकडा. तो उपयुक्त आहेच, पण झोप मोडते ती सरासरीने नव्हे. रात्री दोन वाजता डंपर रिकामा होतो, मागचा फाळका लोखंडावर आदळतो आणि सगळी इमारत जागी होते. तो धडाका एका सेकंदाचा असतो आणि तासाच्या सरासरीत त्याचा मागमूसही राहत नाही. त्यामुळे सरासरी मर्यादेबरोबर कमाल क्षणिक पातळीचीही मर्यादा मागा, आणि दोन्ही आपल्या इमारतीच्या दर्शनी भागापाशी मोजल्या जातील असे लिहून घ्या.

यंत्रांच्या आवाजाचा अंदाज असावा म्हणून अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या बांधकाम-ध्वनी प्रारूपातील काही आकडे देतो. ते ५० फुटांवरचे, म्हणजे सुमारे १५ मीटरवरचे आहेत : आघाताने खांब ठोकणारे यंत्र १०१ डेसिबल, पोकलेनला बसवलेला ब्रेकर (काँक्रीट फोडणारा हातोडा) ९०, काँक्रीट कापण्याची करवत ९०, नुसते खोदकाम करणारा पोकलेन ८१. हे आकडे बॉस्टन शहरातील सेंट्रल आर्टरी या उन्नत महामार्गाच्या जागी बोगदा बांधताना केलेल्या मोजमापांवर आधारलेले आहेत, त्यामुळे आपल्या प्रकरणाशी त्यांचे नाते जवळचे आहे. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. ९० डेसिबलची दोन यंत्रे एकत्र चालली की ९३ होतात, आणि एकाच जागी उभ्या यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ३० मीटरवरच्या खिडकीत एका ब्रेकरचे ८४ पोहोचतात. तुलनेसाठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी रस्ते वाहतुकीच्या रात्रीच्या आवाजाची शिफारस केलेली मर्यादा ४५ डेसिबल आहे. एवढी मोठी दरी कोणतीही भिंत भरून काढू शकत नाही.

म्हणूनच भिंतीच्या आधी पद्धत बदलण्याची मागणी करा, असे मी आग्रहाने सांगेन. पुलाचा स्लॅब जागेवरच ब्रेकरने फोडण्याऐवजी हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने कापून त्याचे मोठे तुकडे क्रेनने उचलता येतात आणि वस्तीपासून दूर नेऊन फोडता येतात. ब्रेकरऐवजी हायड्रॉलिक जबड्याने काँक्रीट चिरडता येते. खांबांचा पाया आघाताने ठोकण्याऐवजी भोक पाडून जागेवर ओतता येतो. या पद्धतींचा खर्च अधिक असतो, म्हणून त्या निविदेत सक्तीच्या म्हणून आल्या तरच सर्व बोलीदार एकाच पातळीवर दर देतील.

दुसरे उत्तर – पर्यावरणविषयक कायद्याचा अभ्यासक

कायद्याचा आधार देशागणिक बदलतो. तरीही निरनिराळ्या ठिकाणी काय मागितले जाते, हे पाहिले की आपल्या मागणीला आकार येतो.

भारतात ध्वनिप्रदूषण (विनियमन आणि नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रासाठी (रुग्णालये, शाळा, न्यायालये यांभोवतीच्या परिसरासाठी) ५० आणि ४० अशी त्यातील मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. पुष्कळांच्या नजरेतून सुटते ती २०१० च्या दुरुस्तीने आलेली तरतूद : आवाज करणारी बांधकाम यंत्रे निवासी क्षेत्रात आणि शांतता क्षेत्रात रात्री वापरता येणार नाहीत. त्याच नियमातील हॉर्नविषयीच्या कलमात सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद लिहिलेला आहे, यंत्रांविषयीच्या कलमात तो नाही. तसेच एरवी मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज झाला तर तक्रार करता येते, परंतु रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला असेल तर तो भंगच तक्रारीला पुरेसा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २००५ च्या निकालात गोंगाटापासून मुक्त जगणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आहे. मात्र आपला पट्टा निवासी म्हणून वर्गीकृत आहे की व्यापारी, हे आधी तपासून घ्यावे, कारण मोठ्या रस्त्यालगतच्या पट्ट्यांबाबत पुढे वाद उभा राहतो तो याच मुद्द्यावर.

पर्यावरणीय मंजुरीच्या सुनावणीवर मात्र फार विसंबू नये. भारतात पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतील २०१३ च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या विस्ताराला अशी मंजुरी १०० किलोमीटरपेक्षा अधिक लांबी आणि ठरावीक रुंदीहून अधिक जादा जमीन लागत असेल तेव्हा लागते. शहरातला काही किलोमीटरचा तुकडा त्या कक्षेत सहसा येत नाही. वस्ती सर्वांत दाट जिथे आहे, तिथेच तपासणी सर्वांत विरळ व्हावी, ही मला या व्यवस्थेतील गंभीर उणीव वाटते.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या प्रदूषण नियंत्रण कायद्याचे कलम ६१ अशा कामांसाठी वापरले जाते. काम करणारा आधीच स्थानिक प्रशासनाकडे आपल्या पद्धती, यंत्रे, वेळा आणि आवाज कमी करण्याचे उपाय मांडतो, आणि प्रशासन २८ दिवसांत अटींसह संमती देते किंवा नाकारते. अटींचा भंग हा गुन्हा ठरतो. अमेरिकेत संघीय निधीतून होणाऱ्या महामार्गांच्या नियमांनुसार बांधकामाच्या आवाजाचा त्रास कमी करण्याचे उपाय नकाशे आणि विनिर्देश यांतच यावे लागतात. दोन्हींतले तत्त्व एकच आहे : आधी लेखी योजना, मग काम. आपल्याकडच्या कायद्यात अशी पूर्वसंमती नसली, तरी करारातील अट म्हणून ती मागण्यास कोणाचीही हरकत असू शकत नाही. प्रत्येक टप्प्यापूर्वी ध्वनिनियंत्रण योजना सादर करावी, ती रहिवाशांना पाहायला मिळावी आणि मंजुरीशिवाय तो टप्पा सुरू होऊ नये, असे एक कलम पुरेसे आहे.

तिसरे उत्तर – कामाच्या जागेवर राहिलेला अभियंता

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. मात्र रात्रीच्या कामावर सरसकट बंदी मागण्याआधी आपण थांबून विचार करावा, अशी माझी विनंती आहे. चालू वाहतुकीवरून गर्डर चढवायचा असेल तर रस्ता पूर्ण बंद करावा लागतो, आणि दिवसा तो बंद करणे बहुतेक शहरांत शक्य नसते. सरसकट बंदी मागितली की प्रशासन ती अव्यवहार्य ठरवून बाजूला ठेवते आणि तिच्यासोबत आपल्या रास्त मागण्याही बाजूला जातात. शिवाय संपूर्ण बंदी मिळालीच, तर कामाची एकूण मुदत लांबते आणि धूळ, वळसे, दिवसाचा गोंगाट हे सारे तितकेच लांबते. हा तोटा आपल्या समितीने डोळे उघडे ठेवून तोलला पाहिजे. आपल्याकडचा कायदा रात्रीची यंत्रे मुळातच मना करत असेल, तर आपली बाजू अर्थातच भक्कम आहे, पण तेव्हाही अपवाद मागितले जातील आणि त्या अपवादांच्या अटी कोण लिहितो, याला महत्त्व राहील.

माझ्या मते मागणी अशी असावी : रात्री केवळ तीच कामे, जी वाहतूक बंद केल्याशिवाय होऊच शकत नाहीत, आणि ती कोणती याची यादी करारातच असावी. गर्डर चढवणे त्यात येईल. ब्रेकर, काँक्रीट कापणे आणि मलबा डंपरमध्ये भरणे त्यात येता कामा नये. अशा रात्रींची पूर्वसूचना किमान सात दिवस आधी घरोघरी मिळावी आणि सलग किती रात्री काम चालेल यावर मर्यादा असावी. झोपेला मधे उसंत मिळाली तर माणूस पुष्कळ सहन करतो. सलग आठवडाभर जागरण झाले की रुग्ण माणूस कोलमडतो.

रात्रीच्या तक्रारींत मी सर्वांत अधिक ऐकलेली तक्रार वाहन मागे घेताना वाजणाऱ्या तीव्र बीप-बीपची आहे. तो एकाच स्वराचा आवाज सगळ्या गोंगाटातून आरपार जातो. त्याऐवजी विस्तृत पट्ट्याचा, फस्स असा आवाज करणारा इशारा मिळतो. तो वाहनामागच्या कामगाराला नीट कळतो, पण दूरवर तेवढा टोचत नाही. भोवतालच्या आवाजानुसार स्वतःची पातळी कमी-जास्त करणारे इशारेही आहेत. वाहने शक्यतो मागे घ्यावीच लागू नयेत असा ये-जा करण्याचा मार्ग आखला, तर प्रश्नच मिटतो. डंपरच्या फाळक्याला आणि हौद्याला रबरी अस्तर, जनरेटरऐवजी वीजजोडणी, यंत्रे रिकामी चालू न ठेवणे, कामगारांना आरडाओरड करावी लागू नये म्हणून वायरलेस संच, या सगळ्यांचा खर्च एकूण प्रकल्पाच्या तुलनेत नगण्य असतो.

आणि पैशाविषयी स्पष्टच लिहितो. कंत्राटदार पत्राने हलत नाही, देयक अडले की हलतो. पर्यावरण संरक्षणाच्या बाबी निविदेच्या परिमाणपत्रकात (कामाच्या बाबी, त्यांची मापे आणि दर यांच्या यादीत) "इतर कामांत समाविष्ट" अशा लिहिल्या जातात, आणि तिथेच त्या मरतात. त्या स्वतंत्र बाब म्हणून आल्या पाहिजेत, म्हणजे केल्या तर पैसे मिळतील आणि न केल्यास कापले जातील. मर्यादेचा भंग झाल्यास ते यंत्र तत्काळ थांबवण्याचा अधिकार जागेवर हजर असलेल्या व्यक्तीला असावा. मोजमाप करणारी संस्था कंत्राटदाराने नेमलेली नसावी, तिचे पैसे थेट प्रकल्पाच्या मालकाकडून जावेत आणि तिच्या नोंदी रोजच्या रोज सार्वजनिक व्हाव्यात. रात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी क्रमांक हवा, आणि तो उचलणाऱ्याला काम थांबवता आले पाहिजे. नुसती तक्रार लिहून घेणारा माणूस नेमला, तर त्याचा उपयोग रहिवाशांना होत नाही.

चौथे उत्तर – अशाच कामाशेजारी राहिलेला रहिवासी

आवाजाबद्दल पुरेसे लिहिले गेले आहे. मी धूळ आणि हादरे यांविषयी लिहितो, कारण आमच्याकडे सर्वांत कटू वाद झाला तो भिंतींच्या तड्यांवरून.

पायाचे काम सुरू झाल्यावर आमच्या इमारतीत जिन्याच्या भिंतीला तिरका तडा दिसू लागला. तो आधीपासूनच होता, असे कंत्राटदाराच्या माणसांनी सांगितले, आणि नव्हता हे सिद्ध करायला आमच्याकडे काहीही नव्हते. आपण हे टाळू शकता. काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराची आतून-बाहेरून पाहणी, तारखेसह छायाचित्रे, असलेल्या तड्यांची लांबी-रुंदी आणि त्यावर घरमालकाची सही, असा दस्तऐवज प्रकल्पाच्या खर्चाने व्हावा आणि त्याची प्रत घरमालकाला मिळावी. जुन्या तड्यांवर मोजपट्टी चिकटवली की तो रुंदावतो आहे की नाही, हे महिन्यागणिक दिसते.

हादऱ्यांचे मोजमाप कणवेगात, म्हणजे जमिनीचा किंवा भिंतीचा कण किती वेगाने हलतो यावरून, मिलिमीटर प्रति सेकंद या एककात होते. जर्मनीच्या डीआयएन ४१५० या मानकाच्या तिसऱ्या भागात निवासी इमारतींच्या पायापाशी कमी वारंवारितेच्या क्षणिक हादऱ्यांसाठी ५ आणि नाजूक ऐतिहासिक वास्तूंसाठी ३ अशी मार्गदर्शक मूल्ये आहेत. माणसाला मात्र ०.३ च्या आसपासचा हादराही जाणवतो. म्हणजे ताटल्या खणखणल्या म्हणून इमारतीला इजा झालीच असे नाही, हे आपल्या लोकांना आधीच समजावून सांगा. आमच्याकडे हे कोणी सांगितले नाही आणि भीतीपोटी झालेल्या तक्रारींत खऱ्या नुकसानीच्या तक्रारी हरवून गेल्या.

धुळीबाबत एक दृश्य नेहमी दिसेल : सकाळी टँकर येतो, रस्त्यावर भरपूर पाणी ओततो आणि निघून जातो. दुपारपर्यंत त्या चिखलाची पुन्हा धूळ होते आणि चाकांसोबत गल्लीबोळांत पसरते. धूळ जिथे निर्माण होते तिथेच दाबली पाहिजे. काँक्रीट कापताना पात्यावर सतत पाणी, तोडताना तुषार, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाके धुण्याची सोय, हौद्यावर घट्ट ताडपत्री आणि रस्त्यावरून धूळ शोषून घेणारे यंत्र, या गोष्टी मागा. काँक्रीटच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते, आणि कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणारी ती धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच कर्करोगकारक ठरवली आहे. तिचा पहिला बळी तिथला कामगार असतो, म्हणून ही मागणी केवळ रहिवाशांच्या सोयीची समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादा २४ तासांसाठी पीएम १० (हवेतील १० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण) च्या बाबतीत ४५ आणि त्याहून सूक्ष्म पीएम २.५ च्या बाबतीत १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशा आहेत. शाळेच्या आवारात एक मापक बसवण्याची मागणी अवश्य करा.

आणखी एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या महामार्गाकडेच्या मातीत शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले शिसे असू शकते आणि जुन्या पोलादी भागांवरच्या रंगातही ते सापडते. खोदकामाआधी मातीची आणि रंगाची तपासणी व्हावी, आणि ती माती मुलांच्या मैदानावर भराव म्हणून टाकली जाणार नाही याची लेखी हमी घ्यावी.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. रात्रीच्या कामांची यादी करारात असावी, ही सूचना समितीतील दोन्ही बाजूंना पटण्यासारखी आहे, आणि घरांच्या पाहणीचे पत्र आम्ही याच आठवड्यात देत आहोत. ध्वनिरोधक भिंतीचा प्रश्न मात्र राहिला. पूल पूर्ण झाल्यावरच्या वाहतुकीसाठी ती मागावी का? आमच्या इमारती पुलापेक्षा उंच आहेत. काही जण भिंतीऐवजी झाडांची रांग मागत आहेत.

पहिल्या उत्तरदात्याचा प्रतिसाद

भिंत वाहन आणि खिडकी यांच्यातील दृष्टिरेषा तोडते तेव्हा सुमारे ५ डेसिबल कमी होतात आणि त्यापुढे प्रत्येक मीटर उंचीला अंदाजे दीड डेसिबल. ज्या मजल्यावरून पुलावरची वाहने दिसतात, त्या मजल्याला भिंतीचा लाभ जवळजवळ नाही. आपल्या खालच्या मजल्यांना ती उपयोगी पडेल, वरच्यांना नाही, आणि हे समितीत आजच सांगितलेले बरे. पुलाच्या दोन्ही बाजूंना भिंती येणार असतील तर त्या आतून ध्वनिशोषक असाव्यात, नाहीतर आवाज एकीवरून परावर्तित होऊन समोरच्यांकडे जातो. बांधकामाच्या काळात लावलेले पत्रे म्हणजे ध्वनिरोधक भिंत नव्हे. खाली फट असलेला पातळ पत्रा फार तर नजर अडवतो. वरच्या मजल्यांसाठी खिडक्यांना ध्वनिरोधक तावदाने मागा. बॉस्टनच्या प्रकल्पात रहिवाशांच्या खिडक्यांवर असे उपाय करण्यात आले होते. खिडकी बंद ठेवायची तर हवा खेळती राहण्याची सोयही त्याच मागणीत असावी.

झाडे जरूर मागा, पण आवाजासाठी नव्हे. झाडांनी १० डेसिबल कमी व्हायला सुमारे ६० मीटर रुंदीचा दाट पट्टा लागतो. सावली, धूळ आणि मनाला मिळणारा दिलासा यांसाठी असलेली झाडे वाचवणे नवीन लावण्यापेक्षा मोलाचे आहे. खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखावे, असे ब्रिटिश मानक सांगते. त्या वर्तुळात खोदकाम, सिमेंटचा साठा किंवा यंत्रे उभी करणे नको. खोडाभोवती चार फळ्या बांधून झाड वाचत नाही.

माझ्या दृष्टीने आपण सर्वांत आधी मागायला हवे ते नव्या रस्त्याच्या पृष्ठभागाबद्दल आणि पुलाच्या सांध्यांबद्दल. साधारण ५० किलोमीटर वेगाच्या पुढे मोटारींच्या इंजिनापेक्षा टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज वरचढ ठरतो. काँक्रीटवर आडव्या खाचा पाडल्या तर सतत कण्हल्यासारखा स्वर येतो, लांबीच्या दिशेने पाडल्या तर तो बराच कमी होतो. सच्छिद्र डांबरी थर आणखी शांत असतो, मात्र त्याची छिद्रे वेळोवेळी साफ करावी लागतात. सांधे आडवे-सरळ बसवले तर प्रत्येक जड वाहनागणिक दुहेरी ठोका बसतो आणि तो रात्रभर, पूल उभा असेपर्यंत ऐकावा लागतो. नागमोडी दातांचे सांधे तो ठोका पुष्कळ सौम्य करतात. सांध्यांची संख्या कमी ठेवणारी सलग गर्डरची रचना असेल, तर उत्तमच. पृष्ठभागाचा प्रकार, सांध्यांचा प्रकार आणि सांध्यांच्या देखभालीची जबाबदारी ही तीन कलमे निविदेच्या मसुद्यावर हरकती घेण्याची मुदत संपण्याआधी लेखी द्या आणि पोच घ्या, कारण संकल्पचित्रे गोठवली गेली की त्यात बदल करण्याचा खर्च दाखवून ती मागणी सहज नाकारली जाते.